एका दिवसात आलेली दौलत आणि त्यापुढचे आयुष्य

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते बी. ए., बी. एड. असून संस्थेच्या हायस्कूलमध्ये सहशिक्षक आहेत. – संपादक मंडळ)



संस्थेच्या चालकांनी आजच्या मेळाव्यात मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषय निवडण्याचे कामही माझ्यावरच सोपविले. मी निवडलेला विषय काही जणांना चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. ज्या सभागृहात बसलेले अनेक पालक मुलांची फी हप्त्याहप्त्याने भरतात, तेथे "एकाएकी फार पैसा आला तर पुढे काय?" हा प्रश्न मांडणे म्हणजे उपाशी माणसाला अजीर्णावरचे औषध सांगण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर मी पुढे देणार आहे. पण विषय निवडण्याचे कारण आधी सांगतो.

दहावी-बारावीचा निकाल लागला की पालक आम्हा शिक्षकांना भेटतात. पूर्वी प्रश्न असे, "सर, मुलाला कोणत्या लाइनीला घालावे?" हल्ली प्रश्न असतो, "सर, कॉम्प्युटरला घातले तर पॅकेज किती मिळेल?" आपल्या समाजातील मुले-मुली आज पुण्यात, बंगळुरूत, हैदराबादेत आणि सातासमुद्रापलीकडे संगणकाच्या धंद्यात काम करीत आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. पण हा धंदा इतर धंद्यांसारखा नाही. येथे काही तरुणांना महिन्याचा पगार तर मिळतोच, शिवाय एखाद्या दिवशी साऱ्या जन्माची कमाई एकदम पदरात पडते. वय असते सत्तावीस, अठ्ठावीस, तीस. त्या दिवसाची स्वप्ने सगळे पाहतात. त्या दिवसानंतरच्या सकाळविषयी मात्र कोणी बोलत नाही. मला आज त्या सकाळविषयी बोलायचे आहे.

हा पैसा येतो कसा?

प्रथम हा पैसा येतो कुठून, हे समजून घेऊ. नवी कंपनी निघते तेव्हा तिच्याजवळ मोठे पगार द्यायला पैसे नसतात. म्हणून ती नोकराला सांगते, "पगार थोडा कमी घे, पण कंपनीचे शेअर आजच्या भावाने विकत घेण्याचा हक्क तुला देते. हक्क एकदम मिळणार नाही. साधारण चार वर्षे टिकून राहिलास तर थोडा थोडा करून तो पुरा तुझा होईल." यालाच स्टॉक ऑप्शन म्हणतात. बहुतेक कंपन्या बुडतात आणि हा हक्क रद्दीच्या भावाचा होतो. पण एखादी कंपनी चालते, शेअरबाजारात येते किंवा कोणी मोठी कंपनी तिला विकत घेते. मग काय होते ते हिशेबाने पाहू. समजा, एका मुलाला दहा रुपये भावाने दहा हजार शेअर घेण्याचा हक्क होता आणि बाजारात भाव निघाला नऊशे रुपये. त्याने एक लाख रुपये भरायचे आणि नव्वद लाखांचा माल घ्यायचा. एकोणनव्वद लाखांचा फरक त्याचा.

मायक्रोसॉफ्ट ही कंपनी १३ मार्च १९८६ रोजी शेअरबाजारात आली. शेअरचा भाव होता २१ डॉलर. पुढच्या चौदा वर्षांत तिच्या हजारो नोकरांना लक्षाधीश होताना सिअ‍ॅटल शहराने पाहिले. गूगल १९ ऑगस्ट २००४ रोजी ८५ डॉलर भावाने बाजारात आली आणि त्याच दिवशी भाव शंभरावर गेला. आपल्याकडे इन्फोसिस ही कंपनी १९८१ साली पुण्यात अवघ्या दहा हजार रुपयांच्या भांडवलावर सुरू झाली. तिने १९९४ सालापासून नोकरांना शेअरचा वाटा दिला आणि मार्च १९९९ मध्ये अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात तिची नोंद झाली. चेन्नईत सुरू झालेली फ्रेशवर्क्स कंपनी सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच बाजारात गेली, तेव्हा तिच्या संस्थापकांनी सांगितले की पाचशेहून अधिक नोकर कोट्यधीश झाले आहेत आणि त्यांतले सत्तरएक जण तिशीच्या आतले आहेत. तेव्हा ही कुठल्या परीकथेतली गोष्ट नव्हे. आपल्या वर्गातल्या बाकावर आज बसलेल्या एखाद्या मुलावर किंवा मुलीवर उद्या ही वेळ येऊ शकते.

पहिली अडचण : कागदावरचा पैसा

या पैशाच्या पाठोपाठ ज्या अडचणी येतात, त्यांतली पहिली अगदी व्यवहाराची आहे. शेअर म्हणजे रोख पैसा नव्हे. कंपनी बाजारात आल्यावर नोकरांना साधारण सहा महिने शेअर विकता येत नाहीत, अशी अट अमेरिकेत बहुधा असते. दरम्यान भाव कुठल्या कुठे जातो. कर मात्र थांबत नाही. आपल्या देशात हक्काच्या भावाने शेअर घेतले, की बाजारभाव आणि आपण भरलेली रक्कम यांतील फरक पगारासारखा धरून त्यावर कर लागतो. पुढे शेअर विकून आणखी नफा झाला तर त्यावर वेगळा कर. मघाच्या उदाहरणातल्या मुलाच्या एकोणनव्वद लाखांतून पंचवीस लाखांहून अधिक रक्कम सरकारजमा होईल, आणि हे त्याने मोटार व फ्लॅट नोंदविण्याच्या आधी ध्यानात घेतले पाहिजे.

२००० साली जे घडले ते या बाबतीत कायमचे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी १० मार्चला नॅस्डॅकचा निर्देशांक ५०४८ वर होता. ऑक्टोबर २००२ मध्ये तो १११४ वर आला. रुपयाचे बावीस पैसे झाले म्हणा ना! अमेरिकेत काही तरुणांनी तेजीच्या दिवसांत हक्काचे शेअर घेतले होते आणि आणखी भाव चढेल म्हणून विकले नव्हते. कर बसला तो शेअर घेतल्या दिवसाच्या चढ्या भावावर; शेअर मात्र मातीमोल झाले. जो पैसा हातात कधी आलाच नाही, त्याच्यावरचा कर भरण्यासाठी काहींना राहती घरे विकण्याची पाळी आली. अशा लोकांना दिलासा देणारी तरतूद तेथील संसदेने केली ती २००८ साली. तोपर्यंत आठ वर्षे निघून गेली होती.

दुसरी अडचण : रिकामी सकाळ

पण समजा, कर भरला, कर्ज फेडले, पैसा सुरक्षित राहिला. पुढे? येथे दुसरी अडचण सुरू होते आणि ती अधिक अवघड आहे.

स्वीडनच्या मार्कस पर्सन या तरुणाने माइनक्राफ्ट नावाचा संगणकावरचा खेळ तयार केला. तुमच्यापैकी पुष्कळ मुले तो खेळली असतील. सप्टेंबर २०१४ मध्ये त्याची कंपनी मायक्रोसॉफ्टला अडीचशे कोटी डॉलरना विकण्याचा करार झाला. त्या वेळी तो पस्तीस वर्षांचा होता. त्याच वर्षाअखेर त्याने अमेरिकेत सात कोटी डॉलरचा बंगला घेतला. आणि वर्ष पुरे होण्याच्या आत, ऑगस्ट २०१५ मध्ये, त्याने जाहीरपणे लिहिले की सगळे काही मिळाल्यामुळे धडपड करायला कारणच उरलेले नाही आणि एवढे एकटेपण त्याला पूर्वी कधी वाटले नव्हते.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे. विनय हिरेमठ हे नाव आपल्या कानाला ओळखीचे वाटेल. या भारतीय वंशाच्या तरुणाने अमेरिकेत भागीदारांबरोबर लूम नावाची कंपनी काढली. २०२३ साली ती साडेसत्त्याण्णव कोटी डॉलरना विकली गेली. जानेवारी २०२५ मध्ये त्याने एक लेख लिहिला. आपण श्रीमंत झालो आहोत, पण आता आयुष्याचे काय करावे हे आपल्याला कळत नाही, असा त्याचा आशय होता. मध्यंतरी तो पुरेशी तयारी नसताना हिमालय चढायला गेला, थोडे दिवस सरकारी कामात राहिला, आणि शेवटी काय करीत बसला? हवाई बेटावर जाऊन पदार्थविज्ञान शिकू लागला! विद्यार्थी मित्रांनो, जे पुस्तक उघडायला तुम्ही कंटाळा करता, त्याच विषयाचे पुस्तक कोट्यवधी डॉलर कमावलेल्या माणसाने स्वतः होऊन उघडले. यातून काय घ्यायचे ते तुम्हीच ठरवा.

तिसरे उदाहरण दुःखाचे आहे. टोनी शे या तरुणाने वयाच्या चोविसाव्या वर्षी, १९९८ साली, आपली पहिली कंपनी साडेसव्वीस कोटी डॉलरना विकली. ठरलेला काळ तेथे थांबला असता तर आणखी कित्येक लाख डॉलर मिळाले असते. पण काम नकोसे झाल्यामुळे तो ते सोडून निघाला. पुढे त्याने झॅपोस ही जोडे विकणारी कंपनी नावारूपाला आणली. ग्राहकाशी आणि नोकराशी कसे वागावे, याचा धडा म्हणून तिचे नाव घेतले जाई. काम होते तोवर माणूस उभा होता. २०२० साली त्याने ते काम सोडले. शेवटचे महिने व्यसनात गेले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एका घराला लागलेल्या आगीनंतर सेहेचाळिसाव्या वर्षी तो मरण पावला. अशा मृत्यूचे एकच कारण असते असे कोणी म्हणू नये. पण पैसा त्याला वाचवू शकला नाही, एवढे तर खरे.

बंधु-भगिनींनो, काम म्हणजे फक्त रोटी नव्हे. सकाळी उठून कुठे जायचे हे कामामुळे ठरते. कोणाला तरी आपली गरज आहे हे कामामुळे कळते. संध्याकाळी थकवा येतो आणि झोप लागते, तीही कामामुळेच. गरिबाला काम सक्तीने करावे लागते म्हणून त्यातला हा लाभ त्याच्या लक्षात येत नाही. सक्ती गेली की लाभही जातो, आणि तो दुसऱ्या कुठल्या बाजारात विकत मिळत नाही.

तिसरी अडचण : माणसे

तिसरी अडचण नात्यांची. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात स्टीफन गोल्डबार्ट आणि जोन डिफुरिया या मानसतज्ज्ञांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस अशा तरुणांना सल्ला द्यायला सुरुवात केली. या अवस्थेला त्यांनी 'सडन वेल्थ सिंड्रोम' म्हणजे आकस्मिक संपत्तीचा विकार असे नाव दिले. हा काही वैद्यकशास्त्राने मान्य केलेला रोग नव्हे, पण लक्षणे विचार करण्यासारखी आहेत : आपल्याला एवढे का मिळाले याची बोचणी, ते जाईल याची भीती, शेअरचा भाव दिवसातून दहादा पाहण्याची सवय आणि जवळ येणाऱ्या प्रत्येक माणसाविषयी संशय.

जरा कल्पना करा. दोन मित्र एकाच कंपनीत, शेजारी शेजारी बसून तेच काम करतात. एक जण दोन वर्षे आधी लागला आणि दुसरा नंतर. पहिल्याच्या वाट्याला कोटी येतात, दुसऱ्याच्या वाट्याला गृहकर्जाचा हप्ता. दोघांच्या हुशारीत फरक नाही, मेहनतीत नाही, फरक तारखेचा. उद्यापासून हे दोघे एकाच टपरीवर चहा कसा पितील? पैसे कोण देईल? तिकडे गावी भाऊ, मेहुणे, चुलते वाट पाहत असतात. कोणाला दुकान टाकायचे असते, कोणाला मुलीचे लग्न. नाही म्हटले तर माणूस बदलला म्हणतात. हो म्हटले तर देण्याला अंत राहत नाही. आणि ज्यांनी कधी काही मागितले नाही, ते जुने मित्र संकोचाने दूर होतात. शेवटी मागणारे तेवढे भोवती उरतात.

आपल्या कोकणाने हे पाहिलेले आहे

हे सर्व दूरचे वाटत असेल तर आपल्या कोकणाकडे वळून पाहा. आपल्या वाडवडिलांनी जहाजांवर नोकऱ्या केल्या. १९७०च्या दशकात तेलाचे भाव वाढले आणि रत्नागिरी-रायगडच्या मोहल्ल्यांतून तरुण कुवेत, दुबई, मस्कत, सौदीला गेले. तेथून बँकेचे ड्राफ्ट येऊ लागले. कुडाच्या आणि मातीच्या भिंती जाऊन चिऱ्याची दुमजली घरे झाली, मशिदी आणि मदरसे बांधले गेले, आणि आपल्यासारख्या शिक्षणसंस्थांच्या इमारतींनाही त्या पैशाचा हात लागला. त्या घामाचे ऋण आपण विसरू शकत नाही. पण त्याच काळात लग्नाचा खर्च वाढला, घराघरांत चढाओढ लागली, आणि "शिकून काय करायचे, पासपोर्ट काढ" असे म्हणत कित्येक मुलांनी नववी-दहावीत शाळा सोडली. आज कितीतरी मोठ्या घरांना कुलपे आहेत.

तरी त्या पैशात आणि या पैशात एक मोठा फरक आहे. आखाताचा पैसा महिन्यामहिन्याने आला. त्याच्या मागे वीस-पंचवीस वर्षांचे ऊन होते. पैशाबरोबर त्याची किंमतही घरात येत होती. संगणकाच्या धंद्यातला हा पैसा एका सकाळी येतो आणि माणसाला तयार व्हायला वेळ देत नाही. अडचण रकमेत आहे, त्यापेक्षा जास्त वेगात आहे.

याच्या उलट बाजूचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला १९४५ साली मुहम्मद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाचा कारखाना काढला. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स हे त्याचे नाव. त्याचीच पुढे विप्रो झाली. अमळनेरच्या पुष्कळ साध्या कुटुंबांनी या कंपनीचे शेअर घेऊन ठेवले होते. पुढे कंपनी संगणकाच्या धंद्यात वाढली आणि त्या शेअरची किंमत किती झाली याच्या कथा वृत्तपत्रांनी वारंवार छापल्या आहेत. पण ही दौलत वाढायला दोन पिढ्या लागल्या, आणि तेवढ्या काळात शेती, दुकान, नोकरी चालूच होती. हे तेच अमळनेर, जेथे साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. इस्लामी संस्कृतीवर आपुलकीने पुस्तक लिहिणाऱ्या त्या शिक्षकाजवळ एकही शेअर नव्हता, तरी गावाचे नाव निघाले की त्यांचेही नाव निघते.

ज्यांनी निभावले

आता ज्यांनी ही परीक्षा चांगली दिली त्यांच्याकडे पाहू. जॉन वूड हा मायक्रोसॉफ्टमधला अधिकारी १९९८ साली नेपाळात डोंगर चढायला गेला. तेथे एका शाळेचे ग्रंथालय पाहिले, तर मुलांनी वाचावे असे पुस्तकच त्यात नव्हते. १९९९ साली त्याने नोकरी सोडली आणि २००० साली 'रूम टू रीड' ही संस्था काढली. शाळांना ग्रंथालये देण्याचे तिचे काम पुढे आपल्या देशातही आले.

पॉल ब्रेनर्ड हे नाव तुम्ही ऐकले नसेल, पण त्याच्या कंपनीचे काम आपल्या प्रत्येक गावात पोचले आहे. १९८५ साली त्याच्या कंपनीने पेजमेकर तयार केले. आपल्याकडच्या छापखान्यांत वर्षानुवर्षे लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके आणि अशा स्मरणिकाही त्यावरच जुळविल्या गेल्या. १९९४ साली त्याची कंपनी अडोबीत विलीन झाली. त्या पैशातून त्याने निसर्गरक्षणासाठी संस्था काढली आणि १९९७ साली सिअ‍ॅटलमध्ये एक मंडळ सुरू केले. नव्याने श्रीमंत झालेल्या लोकांनी नुसता धनादेश न देता आपला वेळ आणि धंद्यातले कौशल्यही समाजसंस्थांना द्यावे, अशी त्याची रीत होती.

आणि अझीम प्रेमजी. १९६६ साली वडील वारले तेव्हा ते अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकत होते; वय एकवीस. शिक्षण अर्धे टाकून ते परतले आणि कारखान्याचा भार खांद्यावर घेतला. मोठी मालमत्ता एकाएकी हाती येण्याचा प्रसंग त्यांच्यावरही आला होता, पण दौलतीबरोबर कामही आले आणि त्यांनी ते टाळले नाही. अर्धी राहिलेली पदवी त्यांनी पुढे कित्येक वर्षांनी पुरी केली. २००१ साली त्यांनी शिक्षणासाठी प्रतिष्ठान काढले. मार्च २०१९ पर्यंत त्यांनी त्यासाठी दिलेल्या मालमत्तेची किंमत सुमारे एक लाख पंचेचाळीस हजार कोटी रुपये झाली होती. हे प्रतिष्ठान मुख्यत्वे सरकारी शाळांसाठी आणि त्यांतल्या शिक्षकांसाठी काम करते. शिक्षक म्हणून मला याचे विशेष वाटते.

या तिघांत समान काय? पैसा आल्यावर आता काय करायचे, हे शोधण्यासाठी ते रिकामे बसले नाहीत. एकाला पुस्तकांचे वेड होते, एकाला निसर्गाचे, एकाच्या अंगावर जबाबदारी होती. दौलतीला जायला जागा आधीच तयार होती.

आपल्या दीनची शिकवण

आपल्या दीनमध्ये याविषयी जे आहे ते आपण लहानपणापासून ऐकतो, पण या संदर्भात ताडून पाहत नाही. कुरआन शरीफमध्ये कारूनची हकीकत आहे. त्याच्या खजिन्याच्या किल्ल्या उचलायला बलदंड माणसांची टोळी लागे. लोकांनी त्याला समजावले तेव्हा त्याने सांगितले की ही दौलत आपल्याला आपल्या ज्ञानाच्या बळावर मिळाली आहे. मित्रांनो, त्याने ज्ञानाचे नाव घेतले हे ध्यानात ठेवा. आजचा हुशार तरुण हेच म्हणतो. ज्ञान खरेच असते. पण कंपनीत कोणत्या वर्षी लागलो, बाजार कोणत्या महिन्यात चढला, हे काही ज्ञानाने ठरलेले नसते. या हकीकतीत आणखीही माणसे आहेत. कारूनचा थाट पाहून "आपल्यालाही असे मिळाले असते तर" म्हणणारे बघे त्यात आहेत, आणि तो जमिनीत गाडला गेल्यावर सुटकेचा निःश्वास टाकणारेही तेच आहेत. पालकहो, आपली जागा या बघ्यांत तर नाही ना, हे आपण तपासावे.

दुसरी हकीकत हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांची. मक्केतले सर्व सोडून ते मदिनेला आले. तेथल्या अन्सारी बंधूंनी आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. एका क्षणात सुस्थितीत येण्याची ती संधी होती. त्यांनी दुआ दिली आणि एवढेच विचारले, "बाजार कुठे आहे?" पुढे ते मोठे धनवान झाले आणि हात सैल सोडून दान करीत राहिले. कमावण्याची सवय आधी होती, म्हणून दौलत अंगावर आली नाही.

जकातीकडेही या दृष्टीने पाहा. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी एवढ्या किमतीच्या वर मालमत्ता असेल आणि तिच्यावर चांद्रवर्ष उलटले, तर अडीच टक्के. एक कोटीवर अडीच लाख. दरवर्षी एक दिवस माणसाने कागद घेऊन बसायचे, आपल्याजवळ काय आहे ते मोजायचे आणि त्यातला ठरलेला भाग आपला नाहीच हे मान्य करायचे. ज्याच्याकडे लोक रोज मागायला येतात त्याला ही फार मोठी सोय आहे. किती द्यायचे आणि कोणाला द्यायचे याला शिस्त लागते. शेअरच्या कोणत्या हक्कावर जकात लागते आणि कोणत्या नाही, हे जाणत्या आलिमांना विचारावे. वारशाचे हिस्से ठरलेले आहेत आणि मृत्युपत्राने एक तृतीयांशापर्यंतच देता येते, हेही तरुणपणीच माहीत असावे.

आक्षेपाचे उत्तर

आता सुरुवातीच्या आक्षेपाकडे येतो. "सर, पैसा तर येऊ दे, मग बघू." देशातल्या मुस्लिम समाजाची स्थिती मला ठाऊक आहे. २००६ सालच्या सच्चर समितीच्या अहवालात सहा ते चौदा वर्षांच्या आपल्या मुलांपैकी पंचवीस टक्के मुले शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा गळाली होती असे नमूद आहे. गरिबी चांगली असते, असे शिक्षकाने म्हणू नये; मी म्हणत नाही. आजारी आईला मोठ्या इस्पितळात नेता येणे, बहिणीला पुढे शिकविता येणे, सावकाराच्या दारात उभे न राहणे हे पैशानेच होते. मुलांनी जरूर कमवावे, भरपूर कमवावे, हलालचे कमवावे.

माझे म्हणणे एवढेच की "मग बघू" हे येथे चालत नाही. पैसा एका दिवसात येतो. त्याला जिरविण्याची ताकद मात्र एका दिवसात येत नाही. ती घरात आणि शाळेत, पैसा नसताना तयार होते. जो मुलगा केवळ पॅकेजसाठी शिकला, त्याला पॅकेज मिळाले की त्याचे शिक्षण संपले. ज्याला गणिताची, भाषेची, सुतारकामाची, बागेची, कशाची तरी गोडी लागली, त्याच्या हाती एक कोटी येवोत वा न येवोत, त्याची सकाळ रिकामी राहत नाही. आणि ज्यांना असा पैसा कधी मिळणार नाही, त्या बहुसंख्य मुलांनाही हीच गोडी जन्मभर साथ देईल. म्हणून हा उपदेश श्रीमंतांपुरता नाही.

काही सूचना

शेवटी थोड्या व्यवहाराच्या गोष्टी.

ज्याच्या हाती अशी रक्कम येईल त्याने पहिले वर्ष मोठा निर्णय घेऊ नये. कर बाजूला काढावा, कर्ज फेडावे, आईवडिलांच्या औषधपाण्याची सोय करावी आणि उरलेले सर्व एकाच कंपनीच्या शेअरमध्ये ठेवू नये. नोकरी सोडायचीच असेल तर दुसरे काम ठरवून सोडावी. नातलगांना उसने देताना जे परत आले नाही तरी मन कडू होणार नाही, तेवढेच द्यावे. आणि शिक्षणासाठी द्यायचे ते उसने न देता सरळ द्यावे.

पालकांनी घरात पैशाचे बोलणे मुलांपासून लपवू नये. महिन्याचे किती येते, किराण्याला किती जाते, जकात-सदका किती निघतो, हे दहावीच्या मुला-मुलीला माहीत असावे. ज्या मुलाने कधी शंभर रुपयांचा हिशेब ठेवला नाही, तो कोटीचा कसा ठेवणार? शेजारच्या मुलाचा पगार आपल्या मुलासमोर मोजू नये. मुलाला शिक्षक, परिचारिका, संशोधक व्हायचे असेल तर त्याला कमी लेखू नये.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एक गृहपाठ देतो. आज रात्री वहीच्या शेवटच्या पानावर लिहा : पैशाची गरजच उरली नाही तर मी रोज सकाळी उठून काय करीन? "फिरायला जाईन, झोपेन" हे उत्तर दोन महिने पुरते. त्याच्या पुढचे लिहा. उत्तर सुचले नाही तर घाबरू नका. त्या उत्तराच्या शोधातच शाळेची ही वर्षे घालवायची असतात. आपल्या ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, मैदानावर ते शोधा. आम्ही शिक्षक मदतीला आहोत.

आणि जे माजी विद्यार्थी आज चांगल्या नोकऱ्यांत आहेत, त्यांना माझी विनंती आहे. संस्थेला देणगी तर द्याच, पण वर्षातून चार दिवस स्वतः या. वर्गात उभे राहून मुलांना सांगा की तुमचे काम काय असते, त्यात मजा कशात आहे आणि कंटाळा कशात आहे. पगाराचा आकडा त्यांना तुमच्याशिवायही कळतो. कामाची गोडी मात्र काम करणाऱ्याच्या तोंडूनच कळते.

 खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.